चार ते सहाची कालवं

पोरी, न्यूयॉर्कला नोकरी लागल्याचं कळवलंस आणि पुढच्याच ओळीत विचारलंस, "मावशी, तिथे कालवं मिळतात ना?" वेंगुर्ल्याच्या लेकीने आणखी काय विचारायचं! मिळतात, भरपूर मिळतात, आणि वेळ साधलीस तर निम्म्या भावात मिळतात. रात्री आठ वाजता ज्या कालवाचे चार डॉलर मोजावे लागतात, तेच कालव त्याच काउंटरवर संध्याकाळी पाचला दीड-दोन डॉलरला समोर येतं. या वेळेला इथे हॅपी अवर म्हणतात. जॅक्सन हाइट्समध्ये राहून, सात नंबरच्या गाडीने कामावर ये-जा करताना हे शहर मी असंच खात आले. माझ्यासारख्या पगारदार बाईला इथली चांगली कालवं परवडली ती या दोन तासांमुळेच.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. स्वस्ताई वेळेची आहे की मालाची, हे ओळखता आलं पाहिजे. वेळेची असेल तर पोटभर खा. मालाची असेल तर पाणी पिऊन उठ.

वेळेची स्वस्ताई कुठून येते ते सांगते. दुपारचं जेवण तीनच्या आत आटोपतं, रात्रीची गर्दी साडेसहा-सातनंतर सुरू होते. मधल्या वेळात दिवे चालू, नोकर उभे, बर्फ वितळतोय आणि खुर्च्या रिकाम्या. शिवाय कालवं म्हणजे काही डब्यातला माल नव्हे. ती पेटीतून जिवंत येतात आणि बर्फावर ठेवली तरी काही दिवसांत खपवावीच लागतात. मग मालक त्यांच्यावर नावापुरता नफा ठेवून गिऱ्हाईक आत ओढतो आणि कमाई पेयांवर करतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी अट असते: माणशी एक पेय घ्यायलाच हवं, किंवा एका पेयामागे एकच डझन. ही अट तुला बोचायला नको, त्या पेयाच्या जिवावरच तुझं कालव स्वस्त आहे. दारू नको असेल तर बसायच्या आधी विचार, की लिंबू-सोडा चालेल का. बहुतेक ठिकाणी चालतो.

पेय मात्र फुकटात जमा होईल अशी आशा धरू नकोस. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने दारूचा भाव नेहमीच्या निम्म्याखाली आणता येत नाही. बॉस्टनला गेलीस तर तिथली तऱ्हा वेगळी. मॅसॅच्युसेट्सने १९८४ साली ठरावीक तासांपुरती दारू स्वस्त करण्यावरच बंदी घातली. त्यामुळे 'हॅपी अवर' विचारलंस तर तिथे नाहीच म्हणतील, पण कालवांवर बंदी नाही. तिथे 'बक अ शक' विचार, म्हणजे एका डॉलरला एक कालव. नाव तेच राहिलं असलं तरी हल्ली भाव डॉलरच्या वर सरकलाय.

न्यूयॉर्कमध्येही डॉलरचं कालव हे पूर्वी सर्रास होतं. आता दीड-दोन हाच रास्त भाव समज. अडीच असेल तर जागा खास हवी. आणि अजूनही एका डॉलरला देणारं कुणी भेटलं, तर आनंदाने आत जा, पण चौकशी दुप्पट कर.

वार आणि वेळ. सोमवार ते गुरुवार हे आपले दिवस. शुक्रवारी गर्दी, शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी सवलतच नसते. वेळ सुरू होते तेव्हाच जा, संपताना नव्हे. चारला सुरू होत असेल तर चारला दारात असावं. शेवटच्या वीस मिनिटांत सगळी ऑफिसं सुटून येतात, कालवं उघडणाऱ्या माणसावर एकाच वेळी शंभराची मागणी पडते आणि घाईत सुरी वेडीवाकडी चालते. तुला साडेपाचपर्यंत काम असेल, तर सातपर्यंत सवलत चालणारी जागा हुडक, तशाही आहेत. सवलत बऱ्याचदा फक्त बारच्या खुर्च्यांवर असते, टेबलावर नाही. म्हणून एकटीने किंवा दुकटीने जावं. सहा जणींचा घोळका घेऊन गेलीस तर टेबलावर बसवतील आणि पूर्ण भावाने बिल फाडतील. फेब्रुवारीतली पावसाची, बोचऱ्या वाऱ्याची मंगळवारची संध्याकाळ कुणालाच नको असते. कालवं खायला तीच सर्वांत चांगली.

निघण्यापूर्वी फोन कर. आज हॅपी अवर आहे का, कालवांचा भाव काय, किती वाजेपर्यंत, बारवरच की टेबलावरही? इतकंच विचारायचं. कुठे तरी छापलेलं जुनं वेळापत्रक बघून गेलीस तर दारात पोचल्यावर हिरमोड होतो.

जागा म्हणशील तर पहिली ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या पोटातली. ग्रँड सेंट्रल ऑयस्टर बार १९१३ साली, स्टेशनबरोबरच सुरू झाला. वर गुआस्ताविनोच्या फरशांच्या कमानी आहेत, त्या मान वर करून नीट बघ. बाहेरच्या कमानीखाली एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलीस तर समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जातो. एरवी ही जागा स्वस्त नाही, म्हणून हॅपी अवरचा दिवस विचारूनच जा. आणि तिथे काउंटरवर बसशील तर पॅन रोस्ट एकदा चाख. वाफेच्या छोट्या हंड्यांत साय, लोणी आणि चिली सॉस घालून कालवं तुझ्या डोळ्यांसमोर शिजवतात आणि पावाच्या भाजलेल्या तुकड्यावर ओततात. कच्चं खायला धजत नसशील, तर सुरुवात तिथून कर.

ब्रुकलिनला विल्यम्सबर्गमध्ये बेडफर्ड अव्हेन्यूवर मेझों प्रिमिएर आहे, २०११ पासून. नालाच्या आकाराचा संगमरवरी बार, कालवांची लांबलचक यादी. स्वस्त कालवांच्या संध्याकाळींसाठी ती जागा नावाजली. मॅनहॅटनमध्ये मर्मेड इनच्या शाखा आहेत, नवख्या माणसाला तिथे अवघडल्यासारखं होत नाही. आणि उन्हाळ्याच्या आगेमागे पिअर २५ वर ग्रँड बँक्स, म्हणजे चक्क जहाज. शर्मन झ्विकर नावाचं ते शिडाचं लाकडी जहाज १९४२ साली नोवा स्कॉशियात लुनेनबर्गला बांधलं, कॉड मासळी धरायला. आता ते हडसनवर बांधून ठेवलंय आणि डेकवर कालवं वाढतात. जर्सी सिटीत घर घेतलंस तर पाथच्या गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरून चालत जाता येईल. पण या नावांना चिकटून राहू नकोस. तुझ्या ऑफिसच्या आसपास असलेली, कालवं झपाट्याने खपणारी जागा कितीही मोठ्या नावापेक्षा बरी. खप बघ. आत शिरल्यावर बर्फाचा ढीग ताजा आहे का, कालवं उघडणारा माणूस हात चालवतोय की रिकामा उभा आहे, आणि आजूबाजूच्या दहा माणसांतल्या किती जणांपुढे कालवांची ताटली आहे, हे बघायला अर्धं मिनिट पुरतं.

त्या माणसाला इथे शकर म्हणतात. जमलं तर त्याच्या समोरची खुर्ची धर. त्याचा हात बघत बसण्यासारखा असतो. कालवाची खोलगट बाजू खाली धरून, निमुळत्या टोकाशी जिथे दोन्ही शिंपल्यांची बिजागरी असते, तिथे तो आखूड, बोथट सुरी रुतवतो. जोर लावत नाही, मनगट फिरवतो. टक् असा बारीक आवाज येतो. मग सुरीचं पातं पुसून वरच्या शिंपलीला लगटून आत सरकवतो, वरचा सांधा कापतो, झाकण काढतो, आणि तशीच एक फिरकी खालून देतो म्हणजे मांस शिंपलीपासून सुटतं. पाण्याचा थेंब सांडत नाही. पातं पुसणारा शकर दिसला की समज, जागा चांगली आहे. न पुसता चिखल आत लोटणारा दिसला, तर सहाच मागव आणि उठ.

ताटली आली की लगेच लिंबू पिळू नकोस, आधी बघ. मांस शिंपलीत भरून बसलेलं, टपोरं, ओलं चकाकणारं असायला हवं. भोवती पाणी हवं, तेही स्वच्छ. ते समुद्राचं पाणी आहे आणि अर्धी चव त्यातच आहे, ते कुणी ओतून टाकू नये. कालव कोरडं पडलं असेल, आक्रसून शिंपलीच्या तळाला चिकटलं असेल, तर एक तर ते फार आधी उघडून ठेवलंय, नाहीतर मुळात अशक्त आहे. पोटाला सुरी लागून फाटलेलं, कडेला शिंपलीचा चुरा पडलेलं, असं एखादं चालतं, निम्मी ताटली तशी असेल तर चालत नाही. मग नाक जवळ ने. ओहोटीच्या वेळी आपल्या बंदरावर जो वास येतो तो यायला हवा. कुजका, गंधकासारखा वास आला तर ते एक बाजूला ठेव आणि बिनधास्त सांग, "हे बदलून द्या." चांगल्या ठिकाणी एक शब्द न बोलता बदलून देतात. हुज्जत घातली तर त्या दारात पुन्हा जायचं नाही.

हॅपी अवरला कालव निवडायला मिळत नाही, बहुधा एकच प्रकार असतो आणि तो मालक ठरवतो. तरी कुठलं आहे ते विचारायचं. लाँग आयलंड, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया अशी नावं ऐकू येतील. पूर्व किनाऱ्याचं कालव एकाच जातीचं, पण पाण्यागणिक चव पालटते. मॅसॅच्युसेट्समधल्या वेलफ्लीटचं खारट आणि टणक, व्हर्जिनियाच्या खाडीतलं मऊ, कमी खारट. 'ब्लू पॉइंट' हे नाव मुळात लाँग आयलंडच्या ग्रेट साउथ बे खाडीचं, पण ते सैल हाताने वापरतात, त्यावर भाळू नकोस. कुमामोटो वगैरे पश्चिम किनाऱ्याची गोडसर, काकडीच्या चवीची कालवं विमानाने येतात, ती या भावात सहसा मिळायची नाहीत. 'कुठलं' याचं उत्तर वाढणाऱ्याला देता आलं नाही, तर तो आत जाऊन विचारून येतो का ते बघ. प्रत्येक पेटीवर एक टॅग असतो, माल कुठल्या पाण्यातून आणि कोणत्या तारखेला काढला ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि पेटी संपल्यावरही तो टॅग ९० दिवस जपून ठेवणं हॉटेलला बंधनकारक आहे. म्हणजे उत्तर घरात असतंच.

पहिलं कालव नुसतं खा. दोनदा तरी चाव, गिळून टाकलंस तर पैसे पाण्यात. दुसऱ्यावर लिंबाचे दोन थेंब. मग मिन्योनेत म्हणजे शिरक्यात बारीक चिरलेला छोटा कांदा आणि मिरी, ते चमचाभर. टोमॅटोचा लाल कॉकटेल सॉस चांगल्या कालवावर ओतू नये असं माझं ठाम मत आहे. सॉसचा मारा ज्याला लागतो ते कालव मुळात परत पाठवण्याजोगं असतं.

आता नीट ऐक, कारण हे चवीचं नाही, जिवाचं आहे. मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, म्हणून हे बजावून सांगते. कोमट समुद्रात व्हिब्रिओ वल्निफिकस नावाचे जंतू वाढतात आणि कालव पाणी गाळून जगतं, म्हणून ते त्याच्या अंगात साठतात. असं कालव दिसायला, वासाला, चवीला अगदी चांगलं असू शकतं. निरोगी माणसाला बहुधा पोटदुखी-जुलाबावर भागतं. पण ज्याचं यकृत अधू आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी झाली आहे, त्याच्या रक्तात हे जंतू शिरले तर प्राणावर बेततं. या संसर्गात पाचातला एक जण दगावतो. लिंबू, तिखट सॉस, वोडका यांनी ते जंतू मरतात हा निव्वळ भ्रम आहे. ते मरतात शिजवल्यावरच. तेव्हा तुझे बाबा तुला भेटायला आले तर त्यांच्या साखरेचा विचार करून त्यांना पॅन रोस्ट खाऊ घाल, कच्चं नको. तुला दिवस राहिले तर तूही त्या काळात कच्च्यापासून लांब राहा.

म्हणूनच इथली जुनी माणसं सांगतात की इंग्रजी नावात 'आर' नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालवं खाऊ नयेत. आपल्याकडे त्याच सुमाराला पाऊस, समुद्र खवळलेला, पाठोपाठ श्रावण. नारळी पौर्णिमेपर्यंत मासळीला हात लावायचा नाही ही तुझ्या आजीची शिस्त तुला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि कालवं अंडी सोडायच्या बेतात आली की मांस दुधाळ, पिळपिळीत होतं. हल्ली शेतीतली काही कालवं अशी तयार करतात की ती अंडी धरतच नाहीत आणि बर्फाची सोय चोख झालीय, त्यामुळे जुलैतही चांगली कालवं मिळतात. तरी उन्हाळ्यात मी थंड पाण्याची, मेन किंवा कॅनडाकडची आहेत का ते विचारते. नसतील तर तळलेली मागवते. खरा हंगाम ऑक्टोबरअखेरपासून. थंडीची बेगमी म्हणून कालव अंगात साखर साठवतं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात ते असं गोड लागतं की लिंबूही नको वाटतं.

ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर फिरायला जाशील, ओहोटी असेल, आणि दगडांवर कालवं चिकटलेली दिसतील. तुझा हात आपसूक पुढे जाईल, मला ठाऊक आहे. लावू नकोस. मोठा पाऊस झाला की अजूनही या शहराचं सांडपाणी पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत उतरतं. एके काळी हेच बंदर कालवांनी भरलेलं होतं. लिबर्टी आणि एलिस बेटांची जुनी नावंही मोठं आणि छोटं कालवांचं बेट अशीच होती. एकोणिसाव्या शतकात कॅनल स्ट्रीटच्या बाजूच्या तळघरांतून सहा सेंटला हवी तेवढी कालवं खायला मिळायची, तीही बंदरातलीच. त्या काळचा सर्वांत नावाजलेला कालववाला होता थॉमस डाउनिंग. गुलामीतून मुक्त झालेल्या आईबापांचा, १७९१ साली व्हर्जिनियात जन्मलेला कृष्णवर्णीय मुलगा. १८२५ मध्ये त्याने ब्रॉड स्ट्रीटवर दुकान काढलं. रात्रीच होडी घेऊन कालवांच्या गलबतांवर जायचा आणि माल बाजारात पोचायच्या आत उत्तम तो पारखून घ्यायचा. वर सावकार आणि पुढारी जेवत, आणि खाली तळघरात त्याने दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना लपवून आसरा दिला. स्वस्त आणि चांगलं कालव ही या शहराची जुनी रीत आहे, ती डाउनिंगसारख्यांनी घालून दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग मैल्याने घात केला आणि १९२७ साली बंदरातली उरलीसुरली कालवंही खायला बंद झाली. आता गव्हर्नर्स आयलंडवरून २०१४ पासून बिलियन ऑयस्टर प्रोजेक्टची मंडळी पुन्हा कालवं रुजवताहेत, खाण्यासाठी नाही, पाण्यासाठी. एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. हॉटेलांतून रिकाम्या शिंपल्या गोळा करून त्यांवरच ते पिल्लं वाढवतात. दोन जागा सारख्याच आवडल्या तर त्यांतली जी शिंपल्या यांना देते, तिथे जा.

बिलाचा हिशोब. डझनभर कालवं दोनच्या भावाने २४, वाइनचा ग्लास सवलतीत १०, झाले ३४. त्यावर ८.८७५ टक्के कर, म्हणजे तीन डॉलर. टिप मात्र मूळ किमतीवर द्यायची, कारण उघडणाऱ्याचे कष्ट काही निम्मे झालेले नसतात. मूळ किंमत धर ६३, तिचे वीस टक्के साडेबारा. सगळे मिळून पन्नासच्या आत. हेच रात्री आठला खाल्लंस तर एक्याऐंशी. शकरने मन लावून चांगलं उघडलं असेल तर त्याच्या हातात दोन डॉलर वेगळे ठेव. पुढच्या खेपेला तो तुला ओळखतो, आणि पेटीतली टपोरी तुझ्या ताटलीत पडतात.

महिन्याअखेरीस तेही परवडलं नाही, तर चायनाटाउन किंवा फ्लशिंगच्या मासळीवाल्याकडून बंद शिंपल्यांची घरी आण. ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेव, खोलगट बाजू खाली. गोड्या पाण्यात बुडवू नकोस आणि हवाबंद डब्यात कोंडू नकोस, दोन्हींनी मरतात. एखादं तोंड वासून असलं तर टिचकी मार, मिटलं तर जिवंत, नाही मिटलं तर केरात. हातात जाड फडकं घेतल्याशिवाय सुरी लावू नकोस. आणि सुक्यासाठी हवी असतील तर सोललेली कालवं बरणीत भरून मिळतात, ती मोठ्या दुकानात सर्वांत स्वस्त. कोकमं जॅक्सन हाइट्सला मिळतात, खोबरं गोठवलेलं घे. कालवं शेवटी घाल, कडा मुरडल्या की गॅस बंद.